कुणीच न लिहिलेली ओळ

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. ते काय काम करतात हे शाळेत सांगायला मला कधी अडचण आली नाही. जॉब फिरतो, हत्यार त्याला टेकतं, कीस उडतो आणि शेवटी हातात शाफ्ट येतो. माझ्या मुलीची मात्र पंचाईत होते. "आई कॉम्प्युटरवर काम करते," असं तिनं सांगितलं की बाई विचारतात, "म्हणजे डेटा एंट्री का गं?" परवा या अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागितला तोही याच अटीवर, की मला समजेल असं लिहा. म्हणून आधी धंदा समजावते, मग काय घडलं ते सांगते.

चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. गाड्यांचं किंवा रोबोंचं नाही, त्यांच्या आजूबाजूचं. कामगार गेटवर कार्ड लावतो, कँटीनला जेवतो, कंपनीच्या बसनं येतो-जातो, त्याची शिफ्ट बदलते, ते सगळं. ऑफिस चिंचवडला आहे, पण निम्मा आठवडा मी कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली असते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये 'कामगार' नावाचा एक साचा असतो. त्या साच्यातून प्रत्येक माणसाची एक नोंद तयार होते आणि त्या नोंदीला कप्पे असतात. नाव, नंबर, गाव, रक्तगट, बसचा थांबा, घरचा मोबाइल, आणि एक कप्पा 'स्थिती' नावाचा. स्थिती म्हणजे कार्यरत, रजेवर, नोकरी सोडली किंवा निधन. हे कप्पे बंद ठेवायचे आणि प्रत्येकाला दोन छोट्या खिडक्या द्यायच्या, अशी आमच्याकडची रीत आहे. एका खिडकीतून आत काय आहे ते वाचता येतं, तिला गेटर म्हणतात. दुसरीतून आतलं बदलता येतं, तो सेटर. जेवढे कप्पे त्याच्या दुप्पट खिडक्या, आणि सगळ्या जवळजवळ सारख्याच. हातानं लिहायचं म्हटलं तर माणूस कंटाळून जाईल. म्हणून त्या कुणी लिहीत नाही, यंत्राकडून तयार करून घेतात. उजवं बटण दाबायचं, 'जनरेट' म्हणायचं, 'सगळे निवडा'वर टिचकी मारायची, झालं. हल्ली तर तेवढंही करावं लागत नाही. डेटाबेसची रचना दाखवली की एक स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा तयार प्रोग्रॅम, सगळे साचे सगळ्या खिडक्यांसकट ओतून देते. आमच्यात याला काम समजतच नाहीत. चहा येईपर्यंत होणारी गोष्ट.

सगळ्याच कप्प्यांना सेटर असला की सगळंच बदलता येतं, आणि बदलता येतं म्हटल्यावर कुणी ना कुणी बदलतंच. एका कारखान्यात हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसमधल्या भाऊंनी एका कामगाराचा रक्तगट बी निगेटिव्हचा बी पॉझिटिव्ह करून दिला होता. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पोराचं लग्न जमायचंय. आयकार्डावर निगेटिव्ह लिहिलेलं बरं दिसत नाही, असं म्हणत होता." मी हादरले, रक्तगट परत पहिल्यासारखा केला, आणि चिंचवडला येऊन हा किस्सा सगळ्यांना सांगितला. सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं तो दिवस. कारखान्याचं नाव लिहीत नाही आणि कामगारांची आडनावंही मुद्दाम गाळते. कारखाना निघोज्यापासून जवळच, पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारा. मी त्या दिवशी तिथल्या एचआरच्या केबिनमध्ये बसले होते. एचआरचे प्रमुख जगताप साहेब, पन्नाशीचे, मूळचे साताऱ्याकडचे, बोलायला मोजके. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. गेटवरच्या सिक्युरिटी सुपरवायझरचा फोन आला आणि जगताप साहेब नुसतंच "काय?" असं म्हणून उभे राहिले.

"मॅडम, जरा चला माझ्याबरोबर," ते मला म्हणाले. "लॅपटॉप घेऊन."

गेटच्या बाजूला पाहुण्यांना बसायची एक खोली आहे. तिथं बाकावर एक बाई बसली होती. तिशी-पस्तिशीची, डोक्यावर पदर, पायात घरात वापरायच्या स्लिपर. हाताला पीठ लागलेलं, तसंच वाळलेलं. ती रडत नव्हती. मोबाइल दोन्ही हातांनी धरून समोरच्या पाण्याच्या कूलरकडे बघत होती. तिला मोटारसायकलवरून घेऊन आलेला तिचा दीर दारात फोनवर बोलत होता. कुणाला तरी सांगत होता, "समद्यांना कळवा. मी गेटवरच हाय."

तिचं नाव शोभा. तिचा नवरा ज्ञानेश्वर या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होता, म्हणजे मोठमोठ्या दाबयंत्रांवर. सकाळी पहिल्या शिफ्टला घरातून निघाला होता. आणि दुपारी ती भाकरी थापत असताना तिच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला होता. सुपरवायझरनं तो फोन तिच्या हातातून हळूच घेऊन जगताप साहेबांना दाखवला. मीही वाकून वाचला.

'आपले पती श्री. ज्ञानेश्वर यांच्या दुःखद निधनाबद्दल कंपनी परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे. कृपया गेटपास, सेफ्टी शूज व लॉकरची चावी सवडीने जमा करावी.'

ते शब्द माझ्या ओळखीचे होते. आमच्याच प्रोग्रॅममध्ये स्थितीच्या कप्प्यात 'निधन' आलं की हा मेसेज आपोआप जातो.

जगताप साहेब म्हणाले, "ताई, काहीतरी गफलत आहे. असं काही झालं असतं तर आधी मला कळलं असतं." पण त्यांचाही आवाज पक्का नव्हता. प्रेस शॉप मोठं आहे. त्यांनी तिथला फोन लावला, रिंग वाजत राहिली. जेवणाची सुट्टी, मशीन बंद, फोनजवळ कोण बसणार? आणि कामगारांचे मोबाइल तर आत न्यायची बंदी, ते गेटच्या लॉकरमध्ये. ज्ञानेश्वरचा मोबाइल तिथंच, त्या खोलीच्या भिंतीपलीकडे वाजत होता. तिचा दीर पुन्हा पुन्हा लावत होता, आणि भिंतीतून थरथर ऐकू येत होती.

"मॅडम, सिस्टीममध्ये बघा," जगताप साहेब मला म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. नंबर टाकला. ज्ञानेश्वरचा फोटो आला, मिशा, किंचित वाकडी मान. नाव, गाव निघोजे, रक्तगट. आणि खाली स्थिती: निधन.

तोंडातून एक शब्द निघू दिला नाही मी. पण शोभा माझ्याकडे बघत होती. तिनं स्क्रीन पाहिला नाही, माझं तोंड पाहिलं. आणि ती बाकावरून नुसती खाली घसरली. ओरडली नाही, काही नाही. पाठ भिंतीला लावून फरशीवर बसली आणि म्हणाली, "व्हय का?"

इतकी वर्षं मी हा धंदा करते. सर्व्हर बंद पडलेले पाहिलेत, अख्ख्या शिफ्टची हजेरी उडालेली पाहिली आहे, मॅनेजर लोक टेबलावर हात आपटताना पाहिलेत. पण स्वतःच्या प्रोग्रॅमवर माझा त्या क्षणी विश्वास बसला, याचा धक्का अजून गेलेला नाही. माझं डोकं म्हणत होतं, मेसेज चुकतो, नोंद कशी चुकेल? ही नोंद कुणीतरी केली असणार, कुणाला तरी माहीत असणार. कदाचित आत्ता, आत, एखाद्या दाबयंत्राखाली. मी डोळे मिटून घेतले.

जगताप साहेब धावत आत गेले. खरंच धावले, त्या वयात, सेफ्टी शूज घालून. सुपरवायझर शोभाला पाणी देत होता, ती घेत नव्हती. बाहेर निघोज्यातून आलेली माणसं गोळा व्हायला लागली होती. त्यांच्यातल्या एकानं आळंदीला घाटावरसुद्धा फोन करून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आतल्या बाजूचं दार उघडलं. पुढे जगताप साहेब, घामानं शर्ट चिकटलेला. आणि त्यांच्या मागे मिशा असलेला, मान किंचित वाकडी करून चालणारा एक माणूस, हातात कार्ड नाचवत.

"साहेब, पण माझं कार्ड का बंद केलं ते सांगा की," तो म्हणत होता. "कँटीनवाला आत घेईना. लाल दिवा लागतोय म्हणतो. रोज जेवतो राव मी तिथं!"

मग त्याला बायको दिसली. फरशीवर बसलेली.

"तू इकडं कशी?" तो म्हणाला. "पोरं बरी हायत न्हवं?"

शोभा उठली. जवळ गेली. आधी त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली, कापडाचा पोत बघावा तशी. मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं, एकदा, दोनदा. तो नुसता उभा राहिला, त्याला काही समजतच नव्हतं. तिनं हात खाली सोडले, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "जेवलात का तुमी?"

"कार्ड चालंना म्हटलं की," तो म्हणाला.

तेवढ्यावर ती रडायला लागली. ते रडणं मी कधी विसरणार नाही. दीरही रडला, सुपरवायझरनं तोंड फिरवलं. जगताप साहेबांनी स्वतः जाऊन कँटीनमधून ताट आणलं आणि त्या खोलीतच त्या माणसाला जेवायला बसवलं. बायको समोर बसून तो जेवताना बघत होती. एकेक घास.

मी चिंचवडच्या ऑफिसात फोन लावला. आमच्याकडे निलेश नावाचा सहकारी डेटाबेस सांभाळतो. मी त्याला एवढंच म्हणाले, "निलेश, आधी त्या माणसाला जिवंत कर." तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग माझा आवाज ऐकून त्यानं लगेच ज्ञानेश्वरचा नंबर विचारून घेतला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, "ताई, झालं. आजची फाइलच सगळी मागे घेतली." मी बरं म्हटलं. त्या 'सगळी'कडे माझं लक्ष गेलं नाही.

दुपारभर मी प्रोग्रॅम वाचत बसले. कारण सापडायला वेळ लागला नाही, ते उघड्यावरच पडलेलं होतं.

एचआरचा क्लार्क रोज एक्सेलची एक फाइल चढवतो. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाचा बसथांबा बदलला, तेवढीच नावं. ज्याचं जे बदललं तेवढाच रकाना भरायचा, बाकीचे कोरे. प्रोग्रॅम ती फाइल एकेक ओळ वाचतो. वाचताना प्रत्येक ओळीला नवी नोंद घ्यायला हवी होती. पण ज्यानं ते लिहिलं त्यानं एकच नोंद घेऊन तिचेच कप्पे सेटरनं पुन्हा पुन्हा बदलत नेले. कँटीनच्या भाषेत सांगायचं तर एकच ताट न धुता पुढच्या माणसापुढे ठेवायचं. पुढच्याला भात वाढला तर आधीचा भात निघतो. पण त्यानं आमटी मागितलीच नसेल, तर आधीच्याची आमटी वाटीत तशीच राहते आणि त्याच्या वाट्याला येते. बसथांबे आधीही अधूनमधून असे चुकायचे, पण ती क्लार्कची नजरचूक समजून दुरुस्त व्हायची.

फाइलमध्ये शेवटून दुसरी ओळ होती विलास नावाच्या कामगाराची. तो मागच्या आठवड्यात घरीच, झोपेत हृदय बंद पडून गेला होता. आधी असं काही झालं की जगताप साहेब वेगळ्या स्क्रीनवर स्वतः नोंद करायचे. या वेळी क्लार्कनं पहिल्यांदाच ते फाइलमधून केलं: स्थिती, निधन. त्याच्या खालची ओळ ज्ञानेश्वरची होती. त्याचा फक्त बसथांबा बदलला होता, बाकी रकाने कोरे. विलासचं निधन त्याच्या वाटीत तसंच राहिलं.

ज्ञानेश्वरचं नाव फाइलमध्ये शेवटचं होतं. हे लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि जरा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. विलासची ओळ फाइलच्या वरच्या टोकाला असती तर? त्याच्या खालची कोऱ्या रकान्याची सगळी माणसं. सगळ्या घरांत वाजणारे मोबाइल.

संध्याकाळी आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना फोनवर एकत्र घेतलं. पहिलाच प्रश्न होता, "स्थितीचा तो सेटर कुणी लिहिला? एखादा माणूस मेला हे एका ओळीत, कुणालाही न विचारता, कसं काय ठरवता येतं?"

फाइल वाचण्याचा भाग लिहिणारा दुसरी नोकरी धरून केव्हाच गेला होता, पण प्रश्न त्याचा नव्हता. प्रश्न त्या खिडकीचा होता. निलेशनं इतिहास काढून पाहिला. आमच्याकडे प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव राहतं. या ओळीपुढे त्या स्क्रिप्टचं नाव होतं.

"म्हणजे कुणीच नाही?" साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर," निलेश म्हणाला. "जनरेट झाली."

दोष द्यायला माणूस सापडला असता तर कदाचित बरं वाटलं असतं. त्या साच्यात तसल्या कितीतरी ओळी होत्या आणि कुणीही, कधीही, त्यातली एकही ओळ लिहावी की नाही असा विचार केलेला नव्हता. नाव बदलता यावं का? नंबर बदलता यावा का? माणूस गेला हे असंच, बसथांब्यासारखं बदलता यावं का? हे प्रश्न कुणाला पडलेच नव्हते, कारण उत्तर आधीच तयार होऊन आलं होतं. साचा वाचताना माझीही नजर त्या ओळींवरून कितीदा घसरून गेली असेल. त्या वाचायच्या नसतात, असंच आम्ही एकमेकांना शिकवतो.

पुढे काय बदललं ते इथंच सांगून टाकते, कारण मला हे लिहिणं दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर संपवायचं आहे. 'सगळे निवडा' आम्ही बंद केलं. आता प्रत्येक कप्प्यासाठी खिडकी हवी का, हे माणसानं ठरवायचं आणि का हवी ते लिहायचं. नवी मुलं कुरकुरतात, मी ऐकत नाही. नाव, नंबर, रक्तगट यांना आता फक्त गेटर आहे. निधनाची नोंद करायला वेगळी वाट केली आहे, तिथं दाखला लागतो आणि दोन माणसांची संमती लागते. आणि तो मेसेज कायमचा काढला. ते जगताप साहेबांनीच सांगितलं. "मॅडम, यापुढे असं काही झालं तर मशीन कळवणार नाही," ते म्हणाले. "मी जाईन. मी नसलो तर माझ्या जागेवरचा माणूस जाईल." शोभाच्या घरीही ते दुसऱ्या आठवड्यात गेले. मीही बरोबर होते. तिनं आम्हाला चहा दिला. मी माफी मागितली तर ती म्हणाली, "मॅसेज मला खोटाच वाटत व्हता मॅडम. म्हटलं, आसंल काईतरी. तुमचं तोंड बघितलं आन् मग खरं वाटलं." तिनं हे रागानं म्हटलं नाही. मला मात्र कप खाली ठेवावा लागला.

आता ती सकाळ.

पहिल्या शिफ्टला सगळी कार्डं नीट चालतात ना हे डोळ्यांनी बघावं, म्हणून मी चिंचवडहून कामगारांच्याच बसनं निघाले. ड्रायव्हर बदलीवर आलेला होता. त्याच्या मोबाइलवर आमच्याच सिस्टीममधून यादी येते, कोणत्या थांब्यावर कोण चढणार. भोसरी गेलं, मोशी आलं. थांब्यावरची माणसं चढली. ड्रायव्हरनं दार लावलं नाही.

"चला की भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं.

"एक जण राहिलाय," ड्रायव्हर म्हणाला. "विलास म्हणून. यादीत आहे." आणि त्यानं हॉर्न वाजवला.

बसमधले काही जण खिडकीबाहेर बघायला लागले. ज्यांना माहीत होतं त्यांना माहीत होतं. मला तर क्षणात सगळं समजलं. निलेशनं फाइल सगळी मागे घेतली होती. ज्ञानेश्वर जिवंत झाला, आणि त्याच्याबरोबर विलासही. म्हणजे काल रात्री विलासच्या घरीही मेसेज गेला असणार, जो प्रत्येक कार्यरत कामगाराच्या घरी जातो. उद्या तुमची पहिली शिफ्ट, बस अमुक थांब्यावर येईल, वेळेवर हजर राहावे.

मी उठले, ड्रायव्हरला सांगायला पुढे गेले, आणि तेवढ्यात समोरच्या गल्लीतून एक बाई झपझप येताना दिसली. साधी साडी, खांद्यावर टॉवेल, कपाळ मोकळं. थांब्यावर पुढच्या बसची वाट बघणारी माणसं बाजूला झाली, तिला वाट दिली. ती दाराशी आली आणि दांडीला धरून वर ड्रायव्हरकडे पाहून म्हणाली, "भाऊ, ते येणार नाहीत. तुम्ही थांबू नका. यादीत नाव आलं असेल, पण थांबत जाऊ नका, बाकीच्यांना उशीर होतो."

"आज सुट्टी आहे का त्यांची?" ड्रायव्हरनं विचारलं. बिचाऱ्याला काय माहीत?

मागच्या सीटवरचा एक म्हातारा कामगार म्हणाला, "अरे, वारले ते. चल तू." ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मी खाली उतरले. बसला जायला सांगितलं. बस निघाली तरी ती बाई बसकडेच बघत होती, वळणापर्यंत. तिचं नाव मंदा. मी तिला सांगितलं की मी त्या कॉम्प्युटरचंच काम करते, काल एक चूक निस्तरताना दुसरी झाली, असा मेसेज पुन्हा येणार नाही. जेवढं सांगता आलं तेवढं. ती ऐकत होती.

"दुपारी दुखवट्याचा मेसेज आला आणि रात्री कामावर बोलावणारा. सासूबाई म्हणाल्या, कंपनीचं कंपनीलाच कळत नाही वाटतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, बस उगाच थांबेल. त्यांना बस थांबवलेली आवडायची नाही. धावत सुटायचे." ती किंचित हसली आणि लगेच तोंड आवळून घेतलं.

माझ्या हातात होतं तेवढंच मी म्हणाले. आज कारखान्यात पोचल्या पोचल्या त्यांची नोंद मी स्वतः बंद करते, हवं तर नावच काढून टाकते.

तिनं पटकन माझा हात धरला.

"नाव काढू नका," ती म्हणाली. "इतकी वर्षं होते ते तिथं. उद्या कुणी विचारलं तर सापडलं पाहिजे. नाव राहू द्या. फक्त त्यांना बोलावू नका."

मी हो म्हटलं. ती गल्लीत शिरून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग रिक्षा केली आणि कारखान्यात गेले.